लोकरी पोंचो पावसात नेऊ नका

तुमचे प्रश्न दोन आहेत. भावाने पेरूहून आणलेला लोकरी पोंचो (मधून डोकं घालून अंगावर सोडायचं कापड) सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला चालेल का, आणि तो खरा हातमागाचा आहे की पर्यटकांसाठी केलेला. पहिल्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर कापड हातात घेतलंत तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

पोंचो घडला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या हवेत. तिथल्या पठारावर, ३,५०० ते ४,००० मीटर उंचीवर, दुपारचं ऊन भाजून काढतं आणि सूर्य कलला की लगेच कडाका पडतो. दिवसातून अनेकदा चढवावं-उतरवावं लागणारं ते कापड आहे. इंका काळात पुरुष ‘उंकू’ घालत, तो बाजूंनी शिवलेला अंगरखा. स्पॅनिशांबरोबर घोडे आले आणि बाजू मोकळ्या असलेला पोंचो स्वारांना फार सोयीचा झाला: लगाम धरायला हात मोकळे, आणि मांड्यांवरही कापड. अर्जेंटिनाचे गाउचो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, रात्री तोच पांघरत आणि सुरीची झटापट झाली तर डाव्या हाताला गुंडाळून त्याचीच ढाल करत. मुलूख बदलला की रूपही बदलतं. अर्जेंटिनातल्या साल्ता प्रांताचा पोंचो लाल, त्यावर काळे पट्टे. कोलंबियाची ‘रुआना’ समोरून उघडी. चिलीतल्या दोन्यिउएचा ‘चामांतो’ दोन्ही बाजूंनी घालता येतो, आणि विणकामाची नजाकत बघायची तर मी आधी त्याच्याकडे बोट दाखवीन.

आता तुमच्याकडचा पोंचो उलगडून पलंगावर पसरा. जुन्या पद्धतीचा असेल तर मधोमध उभी शिवण दिसेल. माग अरुंद असतो, म्हणून दोन लांब पट्ट्या विणून त्या जोडतात आणि मध्ये डोक्यापुरती जागा न शिवता सोडतात. गळ्यासाठी कात्री चालवतच नाहीत. मग कडा बघा. अँडीजचे विणकर मागावरच चारही बाजूंनी किनार बांधून पट्टी पुरी करतात, त्यामुळे कापलेलं टोक कुठेच राहत नाही (काठाला झालर असेल तर ती बहुधा नंतर शिवलेली असते). तिसरी खूण वीण. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे इतके दाट असतात की बाणा, म्हणजे आडवा धागा, जवळजवळ दिसतच नाही, आणि पट्टे ताण्याच्या दिशेने धावतात. याच दाट विणीमुळे वारा अडतो. गळा कापून शिवलेला असेल, कापड भुसभुशीत असेल आणि चित्रं एकसारखी छापल्यासारखी वाटत असतील, तर तो गिरणीतला समजा. ऊब तोही देईल, पण हातमागाची किंमत त्याला देऊ नये.

पावसात का नको? लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, म्हणून रिमझिमीत ती उत्तम. पण आपल्याकडे जुलैत तासन् तास कोसळतो. त्यात ती निथळायला लागते, खांद्यावर ओझं होते आणि आठवडाभर वाळत नाही. शिवाय मेंढीच्या लोकरीत पाणी थोडंफार परतवणारी चरबी असते, अल्पाका या अँडीजमधल्या उंटाच्या जातकुळीतल्या प्राण्याच्या लोकरीत ती अगदीच कमी. आपल्या धनगरांची घोंगडी पावसात टिकते, कारण ती दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची आणि वर चिंचोक्याची खळ दिलेली असते. तो गुण मऊ अल्पाकाकडून मागू नका.

ट्रेकला पातळ नायलॉनचा, आतून लेप दिलेला पोंचो घ्या. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी, बाजूंना बटणं हवीत आणि पाठीवरची सॅक झाकून मागे गुडघ्यापर्यंत यायला हवा. कोपऱ्यांत धातूच्या कड्या असतील तर दोरी बांधून छप्परही होतं. रेनकोटपेक्षा घाम कमी येतो, हा त्याचा मोठा फायदा. पण उघड्या कड्यावर वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो, तेव्हा कमरेला पट्टा बांधाच. आणि कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा कुठल्याही कातळटप्प्यावर तो काढून ठेवा, भिजलात तरी चालेल. खाली पाय कुठे पडतोय ते त्यातून दिसत नाही, आणि कापड कुठे अडकलं तर तोल जातो. हे मी फार कळकळीने सांगतोय.

भावाचा पोंचो महाबळेश्वरच्या थंडीत किंवा हिमालयात रात्री तळावर बसताना वापरा. धुवायचा तर गार पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता. आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. पावसाळ्याआधी ऊन दाखवून सुती कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर कसर लागेल.