शेजारचा गहू निघाला आणि ढालकिडे माझ्याकडे आले

प्रश्न: शेजारच्यांचा गहू मागच्या आठवड्यात काढला, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या चवळीवर ठिपकेवाले ढालकिडे (लेडीबर्ड) एवढे दिसले की मी जाम खूश. पण चार दिवसांनी बघतो तर निम्म्याहून जास्त गायब! गेले कुठे? मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) थोडा आहेच, फवारू का?

उत्तर: थांबा, पंप लगेच पाठीवर घेऊ नका. ढालकिडा मावा खायला येतो, आणि गहू पिवळा पडायला लागला की त्यावरचा मावा आपोआप कमी होतो, म्हणजे बरेचसे किडे कापणीच्या आधीच निघालेले असतात, मशीन फिरलं की उरलेले उडतात. तुमच्याकडे आले, पोटभर मावा दिसला नाही, पुढे गेले. इतकं साधं आहे.

पण उडतो तो फक्त मोठा किडा. अंडी, अळी आणि पानाला चिकटलेला कोष, यांचं सगळं कापणीतच संपतं, आणि खरा खादाड तर अळीच आहे, एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. म्हणून किडे मोजत बसू नका, पानं उलटून बघा. खालच्या बाजूला पिवळ्या, उभ्या अंड्यांचे पुंजके दिसले तर पाहुणे मुक्कामाला आलेत, तीन-पाच दिवसांत अळ्या निघतील. काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते ती (लोक तिलाच कीड समजून मारतात, काय बोलणार!). अशा वेळी सरसकट सगळं मारणारं औषध मारलंत तर मावा परत वाढतो आणि त्याला खाणारं कोणी उरत नाही.

लसूणघासाचं (जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचं) मात्र वेगळं. तो हिरवागार असतानाच कापतात, त्यामुळे किडे एका दिवसात बेघर होतात आणि मित्रकिडींबरोबर (म्हणजे कीड खाणाऱ्या किड्यांबरोबर) पिकाचा रस शोषणारे ढेकूणही शेजारच्या पिकात घुसतात. कॅलिफोर्नियात लायगस ढेकूण असाच लसूणघासातून कपाशीवर जायचा, म्हणून १९६० च्या दशकात तिथे घास एकदम न कापता पट्ट्यापट्ट्याने कापून बघितला, एक पट्टा कापला तरी दुसरा उभा असायचा, मग लायगसही तिथेच आणि त्याला खाणारेही तिथेच.

शेजाऱ्यांशी बोलणं असेल तर पुढच्या वेळी विचारा, बांधालगतच्या दोन-चार ओळी थोड्या उशिरा काढता येतील का.