लायकाने एम९चा सेन्सर फुकट बदलून देणं बंद केलं तर मालक एवढे का चिडले? वॉरंटी तर संपलेलीच होती ना?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. 'वॉरंटी तर संपलेलीच होती ना' हे मी आमच्या दाजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय. कोल्हापुरात त्यांचं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे आणि दर भाऊबीजेला ताटावर बसलो की हा विषय निघतोच. तेव्हा उत्तर तुम्हाला आहे, पण थोडं त्यांनाही आहे.

आधी एम९चं सांगतो. लायका ही जर्मन कॅमेरा कंपनी, आणि एम९ हा तिचा डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. २००९च्या सप्टेंबरात तो आला. कोडॅकचा १८ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम सीसीडी (चित्र टिपणारा सेन्सर), आणि अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत सात हजार डॉलरच्या घरात. रेंजफाइंडरच्या लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ बसतात, कडेकडेला किरण फार तिरके पडतात, म्हणून सेन्सरवरची इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवणारी काच पातळ ठेवणं भाग होतं. पातळ राहूनही पुरेसं इन्फ्रारेड अडवेल अशी जी काच निवडली, ती ओलाव्याला टिकणारी नव्हती. वरच्या लेपाला कुठे बारीकशी खोट असली की हवेतला दमटपणा तिथून शिरतो आणि काच हळूहळू खातो. एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, कोऱ्या आकाशाचा फोटो काढून शंभर टक्के मोठा करून बघा, काळपट ठिपके दिसतात आणि भोवती उजळ कडं. धूळ असती तर ब्लोअर मारल्यावर हलली असती. हे ठिपके स्वॅब फिरवूनही जागचे हलत नाहीत.

आता मला सांगा, यात मालकाने काय केलं? काच कंपनीने निवडली, लेप कारखान्यात चढला. मालकाने फक्त पैसे मोजले आणि फोटो काढले.

लायकाने २०१४ साली हे मान्य केलं आणि कॅमेरा कितीही जुना असला तरी सेन्सर फुकट बदलून देऊ असं सांगितलं. २०१५मध्ये नव्या, न गंजणाऱ्या काचेचा सेन्सर आला. इथवर कंपनीला मानलं पाहिजे. मग २०१७मध्ये जाहीर केलं की ऑगस्टच्या मध्यापासून खरेदीला पाच वर्षं झाली नसतील तरच फुकट, बाकीच्यांनी पैसे भरावेत. पुढचा एम मॉडेल २०१२च्या सप्टेंबरातच जाहीर झालेला, म्हणजे बहुतेक एम९ त्याआधीच विकले गेलेले, आणि त्या एका ओळीने ते सगळे बाहेर पडले. पुढे तर सेन्सरच संपले, पैसे देऊनही मिळेनात.

चीड कशाची, तर गंज सगळ्यांच्या काचेवर एकाच वेळी येत नाही. एकाच्या २०१३ला येतो, दुसऱ्याच्या २०१८ला. दोष दोघांच्याही कॅमेऱ्यात पहिल्या दिवसापासून होता. ज्याने कॅमेरा जपून, कोरड्या जागी ठेवला त्याचा ठिपका उशिरा आला आणि भुर्दंड त्यालाच पडला. काळजी घेणाऱ्याला शिक्षा होते अशी मुदत कुठल्या हिशोबाने ठरवायची?

माझ्याकडे लायका नाही. मी सावंतवाडीकडचा, लग्नं, मुंजी आणि शाळांचे वर्गफोटो काढतो. पण हे सगळं मी दुसऱ्या एका कंपनीच्या कॅमेऱ्यावर भोगलंय. तिचं नाव इथे घेत नाही. पतसंस्थेचं कर्ज काढून कोल्हापुरात डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घेतला होता, तोवरच्या माझ्या धंद्यातली सगळ्यात महाग वस्तू.

एका लग्नात शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. मी अंतरपाटाच्या बाजूला, नवरीच्या डोळ्यांवर फोकस धरून. भटजींनी 'सावधान' म्हटलं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली गेला, मी बटण दाबलं आणि व्ह्यूफाइंडर काळा. आरसा वर गेला तो वरच अडकला. बटण दाबतोय, काही नाही. स्विच बंद-चालू केला, काही नाही. खालचं झाकण उघडून बॅटरी काढली, परत घातली, तेव्हा खट् करून आरसा खाली आला. डोळा लावला तोवर दोन्ही हार गळ्यात पडले होते आणि लोक मुंडावळ्या सारख्या करत होते. तो क्षण कुणाला 'परत करा' म्हणता येत नाही. अल्बममध्ये त्या जागी व्हिडिओवाल्याच्या फुटेजमधून काढलेली फ्रेम लावली. नवरीच्या आईने ते पान उलटताना मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने कॅमेरा हातात घेण्याआधी बिलावरचा पत्ता वाचला. 'कोकणातून आलाय म्हणजे ओल असणारच.' जॉबशीटवर लिहिलं, ओलाव्यामुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही. माझा कॅमेरा ड्राय कॅबिनेटमध्ये असतो, आतला ओलाव्याचा काटा चाळीस-पन्नासच्या मध्ये राहतो, पावसाळ्यात मी तो दोन वेळा बघतो. हे सांगितलं. त्याने मान डोलावली आणि लिहिलेलं तसंच ठेवलं. सीझन तोंडावर होता, पैसे भरून कॅमेरा घेतला.

काही महिन्यांनी कंपनीची सूचना आली, अमुक ते अमुक सिरियल नंबरच्या कॅमेऱ्यांत आरसा वर अडकू शकतो, वॉरंटी संपली असली तरी फुकट दुरुस्त करून देऊ. माझा नंबर त्यात होता. म्हणजे ओल नव्हती, सावंतवाडी नव्हती. भाग बदलून मिळाला. आधी उकळलेले पैसे परत मागितले, तर 'ती नोंद वेगळी आहे' म्हणाले.

आणि ओल असती तरी काय? २००५मध्ये सोनीने बनवलेल्या सीसीडीत दोष निघाला होता. उष्ण आणि दमट हवेत आतल्या तारांचे जोड सुटायचे आणि पडदा काळा पडायचा किंवा चित्र वेडंवाकडं यायचं. ते सीसीडी कॅनन, निकॉन, कोनिका मिनोल्टा अशा कितीतरी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते. त्यांनी स्वतःच जाहीर केलं की हा बिघाड उष्ण, दमट हवेत जास्त होतो, आणि वॉरंटी संपलेले कॅमेरेसुद्धा फुकट दुरुस्त करून दिले. दमट हवा हा ग्राहकाचा गुन्हा असतो असं त्यांनी म्हटलं नाही. जी वस्तू तुम्ही रत्नागिरीत, पणजीत, मुंबईत विकता ती तिथल्या हवेत चालली पाहिजे.

तर माझ्या कॅमेऱ्यात बदललेला भाग काही पावसाळ्यांनी पुन्हा तसाच वागायला लागला. तोच आरसा, तोच काळा व्ह्यूफाइंडर. गेलो तर कळलं की मोफत दुरुस्तीची मुदत संपली. एस्टिमेट दिलं ते कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हटलं, दोष तुम्ही लेखी मान्य केलाय. म्हणाले, योजना बंद झाली. मग मी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं, त्यांच्याच सूचनेची प्रत आणि दोन्ही जॉबशीटं जोडून. उत्तर आलं की तुम्ही कॅमेरा धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहकच नाही. हे मात्र मला फार लागलं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि ग्राहक मंचात जाणार असल्याची वकिलाची नोटीस धाडली, तेव्हा कुठे फोन आला. दुरुस्ती फुकट झाली, पण सोबतच्या पत्रात वाक्य होतं, 'विशेष बाब म्हणून, केवळ या वेळेपुरती'.

दाजी म्हणतात, 'मिळालं ना फुकट, मग आता कशाला धुसफुसतोस? कंपनीने जन्मभर पोसायचं का?' दाजी, मी मेहरबानी मागायला गेलो नव्हतो. वॉरंटी असते ती विकल्यानंतर काही बिघडलं तर, त्यासाठी. विकताना आतच होतं ते वॉरंटीत धरायचंच नाही, ते मालाचं येणं आहे आणि ते तारीख बघून बुडत नाही. दाजींच्या घरी शेती आहे. सोयाबीन पेरलं आणि उगवलंच नाही, त्या वर्षी हेच दाजी कृषी अधिकाऱ्याला शेतात घेऊन आले, पंचनामा करवला, पिशवी आणि बिल जपून ठेवलं आणि कंपनीकडून भरपाई घेतली. 'पिशवी उघडली की आमची जबाबदारी संपली' असं विक्रेता म्हणाला होता तेव्हा दाजींनी काय उत्तर दिलं, ते मी तिथे उभं राहून ऐकलंय. तेच माझं उत्तर आहे.

कंपन्या आपणहून देतात हाही समज सोडा. निकॉनचा डी६०० २०१२ला आला, सेन्सरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात डागच डाग. वर्षभरात बदललेल्या शटरचा डी६१० बाजारात आला आणि डी६०० घेतलेले लोक हातात स्वॅब घेऊन बसले. २०१४च्या १५ मार्चला, ग्राहक दिनाच्या दिवशी, चीनच्या सरकारी वाहिनीने ते प्रकरण दाखवलं, आणि शांघायच्या अधिकाऱ्यांनी विक्री थांबवायला लावली. वॉरंटी संपली असली तरी शटर फुकट बदलून देऊ असं निकॉनने जाहीर केलं ते कॅमेरा येऊन जवळजवळ दीड वर्ष झाल्यावर. तेव्हा जे करता आलं, ते आधी का करता येत नव्हतं?

भारतात कॅमेरा घेतला असेल आणि असं झालं असेल तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा बघा. आता तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हेल्पलाइन १९१५. 'धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका, स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी वापरात धरलेली नाही. तक्रार 'सदोष वस्तू' म्हणून करा. नव्या कायद्यात उत्पादन-दायित्वाचं (सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईचं) वेगळं प्रकरण आहे, त्याच्या नादी लागू नका, कारण त्यात वस्तूचं स्वतःचं नुकसान मोजत नाहीत. आणि कंपनीची दोष मान्य करणारी सूचना तारखेसकट छापून ठेवा. योजना बंद झाली की ते पान शोधून सापडत नाही, आणि आयोगापुढे त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

काही गोष्टी कंपनीच्या बाजूनेही सांगायला हव्यात. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, उशिराचं सबळ कारण दाखवलं तरच पुढे घेतात. कंपनीने नकार दिला की लगेच हाला. वापरून झिजणारे भाग, पडून फुटलेली लेन्स, दोन लाख क्लिकनंतर गेलेलं शटर, यासाठी भांडू नका, तिथे दाजींचं बरोबर आहे. आणि लायकाच्या बाबतीत, सेन्सरचं उत्पादनच थांबलं की कंपनी तरी कुठून आणणार, हे मला पटतं. त्यांनी जुना एम९ घेऊन सवलतीत नवा एम देण्याचा पर्यायही ठेवला होता. सवलतीतला लायकाही आपल्यापैकी बहुतेकांना परवडत नाही, ही गोष्ट निराळी. माझी तक्रार एवढीच की दोष कबूल केल्यावर किती सेन्सर लागतील याचा हिशोब विकलेल्या कॅमेऱ्यांवरून करायचा असतो आणि तेवढे करून ठेवायचे असतात.

तुम्ही स्वतः सेकंडहँड एम९ घ्यायच्या विचारात आहात का, ते प्रश्नावरून कळलं नाही. असाल तर विकणाऱ्याकडून एफ/१६ची कच्ची (रॉ) फाइल मागवा, जेपीईजी नको. ठिपके असले तर अमेरिकेत कोलारी व्हिजनसारखे लोक सेन्सर तोच ठेवून वरची काच बदलून देत आलेत, पण पाठवण्याचा खर्च आणि कस्टम धरूनच भाव ठरवा. आणि 'सेन्सर बदललाय' एवढ्या शब्दावर जाऊ नका. २०१५मध्ये नव्या काचेचा सेन्सर येण्याआधी बदललेल्या सेन्सरवर काच जुन्याच प्रकारची होती, म्हणून लायकाच्या पावतीवरची तारीख डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.