मास्क खिशातच राहतो

विद्यापीठात समुपदेशन करताना सर्दी-तापाच्या प्रत्येक साथीत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकते : "मॅडम, कळतं सगळं, पण चारचौघांत करवत नाही." प्राध्यापकांचं म्हणणंही ठरलेलं : "मुलं बेफिकीर आहेत, जरा घाबरवा त्यांना." घाबरवलं की दोन दिवस हात धुतले जातात. तिसऱ्या दिवशी भीती शिळी होते.

असाच एक मुलगा, दुसऱ्या वर्षाचा. (ओळख पटेल ते सारं बदललं आहे.) त्याची सर्दी खोलीतल्या मित्राला लागली, तापाने मित्राची तोंडी परीक्षा बुडाली. पहिल्या दोन भेटी स्वतःला दोष देण्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "तेव्हा मास्क नव्हता तुझ्याकडे?"

त्याने खिशातून चुरगळलेला, घडीवर मळकी रेघ उमटलेला मास्क काढून टेबलावर ठेवला. "रोज असतो. वर्गाच्या दारापर्यंत तोंडावर, आत शिरताना खिशात."

"का?"

"सगळे हसतील."

"कोणी हसलं?"

"...नाही."

"शेजारच्याने शिंक आल्यावर मास्क लावला, तर तू हसशील?"

"छे! बरंच वाटेल."

एवढं बोलून तो थांबला. मीही थांबले. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे सगळेच एकमेकांकडे बघत बसलोय?"

हे मी सांगितलं असतं तर तो मान डोलावून निघून गेला असता.

माझा कल पहिल्यापासून भीतीपेक्षा नात्याकडे. 2011 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग मी मुलांना हमखास सांगते. रुग्णालयात डॉक्टर-परिचारिकांच्या हात धुण्याच्या जागी दोन तऱ्हेच्या पाट्या लावल्या. 'हात स्वच्छ ठेवल्याने तुम्हाला रोग होत नाही' या पाटीने काही फरक पडला नाही. 'तुम्हाला'च्या जागी 'रुग्णांना' लिहिलं, तेव्हा साबण आणि जंतुनाशक जास्त वापरलं गेलं. ठणठणीत तरुणाला 'तुला काही होईल' हे खरंच वाटत नाही. 'तुझ्यामुळे त्याला होईल' हे मात्र लागतं.

म्हणून आम्ही एक वाक्य ठरवलं : "मला सर्दी आहे, तुम्हाला नको म्हणून लावलाय." तो ते माझ्यासमोर पाचदा म्हणाला, पहिल्यांदा अगदी पुटपुटत. वाक्य तयार असलं की संकोच निम्मा होतो. दुसरं, घसा खवखवला की त्याच दिवशी मास्क. फ्लूचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच पसरू शकतो. खात्री होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. तिसरं, साबण डोळ्यांसमोर हवा. बेसिनवर साबणच नसेल तर 20 सेकंद हात चोळण्याचा उपदेश कोरडाच राहतो, आणि तो दोष मुलांचा नाही. वसतिगृह चालवणाऱ्यांना मी हे दरवर्षी ऐकवते. त्यांना ते फारसं आवडत नाही.

शेवटच्या भेटीत तो तक्रार घेऊनच आला. "मॅडम, आता खोलीतला मित्रच माझ्यावर ओरडतो. बाहेरून आलो की आधी हात दाखव म्हणतो."