बेसवर लाकूड चढवताना

बेस गिटारच्या भागांवर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावण्याबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. त्यातले चार घेतो.

जॅझ बेसच्या (बेस गिटारचा एक प्रकार) पिकअपची (तारांचा कंप पकडणारं चुंबकी साधन) काळी प्लास्टिक कव्हरं शिसवी करायची आहेत. आवाज दबेल का?

लाकडामुळे नाही. चुंबकाला लाकूड आडवं येत नाही, प्लास्टिकही येत नाही. फरक पडतो तो अंतराने. व्हिनिअर अर्धा-पाऊण मिमी जाड, आणि तार व पिकअप यांच्यात जागाच मुळी दोन-तीन मिमी. तार लाकडावर आपटायला लागली की तुम्ही पिकअप खाली घेणार आणि आवाज तिथे उतरणार. म्हणून आधी कव्हरचा माथा थोडा घासून घ्या.

हे सगळं कव्हर सुटं काढूनच करा. आतली तांब्याची तार केसाएवढी बारीक असते, कानस जरा निसटली की पिकअप गेला. माझ्याकडे असाच एक आला होता. वरचं अक्रोडाचं व्हिनिअर इतकं देखणं, की हात लावायला जीव होईना; आत मात्र तार तुटलेली. पूर्ण कॉइल नव्याने गुंडाळावी लागली.

प्लास्टिकला फेविकॉल धरत नाही. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारा, दोन भागांचं इपॉक्सी पातळ पसरा, वर प्लास्टिकचा कागद आणि सपाट ठोकळा ठेवून रात्रभर क्लॅम्प करा. इस्त्रीने चिकटवायची सुतारी युक्ती इथे नको, कव्हर वाकडं होईल. पोल पीसची (पिकअपमधल्या चुंबकी दांड्यांची) आठ भोकं पाडताना माथा फळीवर घट्ट दाबा आणि आतून बारीक ड्रिल चालवा. मग गोल कानस वरून खाली ढकला, उलटी ओढली तर कडेची कपची उडते. गोल कडांवर व्हिनिअर वळवायचा हट्ट मी धरत नाही, तिथे ते तडकतं. माथा शिसवी, बाजू काळ्या, हे मला जास्त आवडतं.

कंट्रोल प्लेटच (आवाजाची बटणं बसवलेली पट्टी) लाकडाची केली तर?

दिसेल छान, पण गुणगुण वाढेल. धातूची प्लेट सगळ्या पॉट्सचं (बटणांखालच्या फिरत्या भागांचं) अर्थिंग जोडते. लाकडाची केलीत तर खालून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा. त्यापेक्षा मूळ प्लेटवरच व्हिनिअर लावणं सोपं.

हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाला, जिथे तारा ताणायच्या खुंट्या असतात) ४ मिमीची शिसवी फळी लावू का?

नको. बेसचा हेडस्टॉक आधीच लांब आणि जड, त्यात वजन वाढलं की पट्ट्यावर लटकवलेल्या बेसची मान खाली झुकते आणि डावा हात ती तोलत बसतो. शिवाय ट्यूनरच्या (त्या खुंट्यांच्या) दांड्यांची लांबी कमी पडते. पातळ व्हिनिअर घ्या. जुनं लॅकर (चकचकीत लेप) लाकडापर्यंत खरवडून मगच लावा, नाहीतर व्हिनिअर लॅकरसकट सुटतं. इथे लाकडावर लाकूड आहे, फेविकॉल उत्तम.

मिरजेच्या तंबोऱ्यांसारखं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश चालेल?

हेडस्टॉकवर जरूर करा. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा हलक्या हाताने, थरावर थर चढवला की शिसवाची रेष आतून उजळते. पिकअपवर मात्र करू नका. वाजवणाऱ्याचा अंगठा तासन् तास तिथेच टेकलेला असतो, आणि ओलाव्याने चपडा पांढरट पडतो. तिथे पीयूचे (पॉलियुरेथेनचे) तीन-चार पातळ हात द्या. दोन हातांमध्ये ४०० नंबरने हलकं घासा आणि पूर्ण कडक व्हायला आठवडाभर ठेवून मगच तारा चढवा.