हिंदू आईला कॅथलिक वडिलांच्या कबरीत ठेवायला पुण्यात कायद्याची आडकाठी आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील कॅथलिक होते, पुण्यातल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. आई हिंदू, बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण "मला ह्यांच्याजवळच ठेवा" म्हणते. तर तिला कुणी अडवू शकतं का?

सरकारी कायदा धर्मावरून अडवत नाही. अडवू शकते ती दफनभूमी ज्यांच्या ताब्यात आहे ती संस्था. हा फरक आम्हाला काकूंच्या वेळी कळला, तोही त्या गेल्यावर.

काका कॅथलिक, काकू वाईकडच्या मराठा घरातल्या. काकू दर रविवारी काकांबरोबर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायच्या आणि घरी गौरीही बसवायच्या. एका मंगळवारी पहाटे त्या गेल्या. सकाळी नऊला कबर उघडायला सुरुवात झाली, वरची फरशी काढून कडुलिंबाला टेकवून ठेवली होती, तेवढ्यात समितीच्या माणसाने बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. तो नव्हताच. खणणारे दोघे पहारी बाजूला ठेवून सावलीत बसले. काकू घरी शीतपेटीत आणि आम्ही दुपारी चारपर्यंत या ऑफिसातून त्या ऑफिसात. शेवटी महागुरुस्वामींच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा काम पुढे सरकलं. काकांना जाऊन सोळा वर्षं झाली होती. खणणाऱ्याने त्यांच्या अस्थी हाताने वेचल्या, पांढऱ्या कापडात बांधून पायथ्याशी ठेवल्या आणि मग काकूंची पेटी खाली उतरवली. त्या माणसाचे हात मी विसरणार नाही. पण तो दिवस तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

महापालिकेचा संबंध मृत्यूची नोंद (१९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत), दफनाचा पास आणि जागा अधिकृत आहे का, एवढ्यापुरता. म्हणून स्वतःच्या बंगल्याच्या आवारात किंवा गावाकडच्या वावरात परस्पर दफन करायचं मनात आणू नका.

चर्चचे नियम मात्र नीट समजून घ्या. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ११८३ आहे. बाप्तिस्म्याची तयारी करत असलेल्या माणसाला ते श्रद्धावंतांतच धरतं. आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती पण त्याआधीच बाळ गेलं, किंवा गेलेली व्यक्ती दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची होती, तर महागुरुस्वामी अंत्यविधीची परवानगी देऊ शकतात. बाप्तिस्मा न झालेल्या नवराबायकोबद्दल तिथे एक शब्द नाही. म्हणजे तुमच्या आईचं सगळं त्यांच्या परवानगीवर येतं, आणि माझ्या मते ती मिळायलाच हवी. आयुष्यभर एका ताटात जेवलेल्या माणसांना मातीत वेगळं करण्यात कुठला धर्म राखला जातो?

कोर्टात जाऊ म्हणाल, तर छत्तीसगडच्या बस्तरमधलं प्रकरण बघा. एका ख्रिस्ती पाळकाला त्याच्याच गावात पुरायला विरोध झाला. ७ जानेवारी २०२५ पासून देह शवागारात होता. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एकाच्या मते खाजगी जमिनीत पुरू द्यावं, दुसऱ्याच्या मते ठरलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच. शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करायचा आदेश निघाला. वीस दिवस! आपल्याकडे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. दफनभूमी वापरू न देणं हा त्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे. आई त्या समाजाची सभासद मानली जाईल का, इथेच वकील अडकवतील.

अटी सगळीकडे धर्माच्याच असतात असंही नाही. खडकीच्या युद्ध दफनभूमीत तारखेची अट आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी तिथल्या कबरी सांभाळणारा राष्ट्रकुल आयोग ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातलेच मृत्यू धरतो, आणि अधिकारी असो की शिपाई, दगड सारखाच. तिथून जाताना मला दरवेळी काकूंचा तो दिवस आठवतो.

आता तुमच्या कामाचं. वडिलांच्या कबरीची पावती शोधा आणि ती कायमची आहे की ठरावीक मुदतीची, हे बघा. मुदतीची असेल तर जागा दुसऱ्याला गेलेलीही असू शकते. पूर्ण दफनाला नकार मिळालाच तर अस्थिकलश कबरीत ठेवू देता का, असं विचारा. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मोकळीक दिलेली आहे, आणि अस्थी पवित्र जागीच ठेवाव्यात असं व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेत म्हटलंय. त्यामुळे हा अर्ज फेटाळणं त्यांनाही जड जाईल.

आईची इच्छा तिच्या सहीने, दोन साक्षीदारांसह कागदावर घ्या. लग्नाचा दाखला जोडा. त्या अर्जावर लेखी उत्तर मागा, तोंडी "बघू की" वर थांबू नका, कारण समितीतली माणसं बदलतात. आई अजून सही करू शकते ना? मग येत्या रविवारी मिस्सेनंतर तिला घेऊनच फादरांना भेटा.