भंगारातून रोपवाटिका: काच नको, जाळी बांधा

प्रश्न: बर्फ पडणाऱ्या देशात लोक जुन्या खिडक्या जोडून हरितगृह करतात, असा व्हिडिओ पाहिला. माझ्याकडे पाडलेल्या घराच्या काचेच्या खिडक्या, बांबू आणि संत्राबागेतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या पडून आहेत. मिरची-वांग्याच्या रोपांसाठी असं हरितगृह जमेल का? (एक शेतकरी, वरुड तालुका)

उत्तर: भाऊ, जमेल. घरचंच सामान वापरायचा तुमचा विचार मला फार आवडला. फक्त खिडक्या तूर्त बाजूला ठेवा आणि वर सावलीची जाळी, म्हणजे शेडनेट, बांधा. तिकडे हिवाळ्यात ऊन थोडं आणि तिरपं, म्हणून ऊब कोंडून ठेवायला काच लावतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बंद काचघरात रोपं एका दुपारीच उकडतील. शिवाय गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झालं, ते संत्रावाल्यांना सांगायला नको. वाफ्यात काचा फुटल्या तर वर्षानुवर्षं हाताला लागत राहतात.

त्या लोकांकडून घ्यायचा तो छपराचा उतार. ओला बर्फ साचून छप्पर बसू नये म्हणून ते उतार जास्त देतात. आपल्याला तो गारांसाठी हवा. जाळीला झोळ पडला की गारा तिथेच साचतात आणि जाळी फाटते. १० फूट रुंदीला मधोमध ८ फूट आणि कडेला ५ फूट उंची ठेवा. लांबी पूर्व-पश्चिम घ्या, म्हणजे पश्चिमेचं वारा-वावधन अरुंद बाजूवर येईल.

बांबू दर ६ फुटांवर, २ फूट खोल. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलायला लागतो. म्हणून खड्डा मुरूम-दगडांनी ठोकून भरा. गाडायच्या टोकाला डांबर लावा, नाहीतर उधई सोडत नाही. ठिबकच्या नळ्यांच्या कमानी करू नका, त्या वाऱ्यात लवतात. नळी उभी चिरून बांबूच्या कडांवर चढवा, म्हणजे जाळी घासून फाटत नाही. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घ्या. वाऱ्यात सुतळी जाळीला कापते, ट्यूब ताणून परत येते.

शेडनेट ५० टक्के सावलीची घ्या. जुनी असेल तर मुठीत चुरगाळून पाहा. धाग्याचा भुगा झाला तर ती कामाची नाही. बाजूंना ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीडरोधक जाळी हवीच. पांढरी माशी रोपातच बोकड्या (मिरचीची पानं आकसणारा विषाणूरोग) देऊन गेली, तर शेतात कितीही फवारा, उपयोग नाही. जुने ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, धुऊन वापरा. सिमेंटचे जुने पत्रे मात्र कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असेल तर ती धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

अनुदानाचं शेडनेटगृह हवं असेल तर आधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करा आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच काम सुरू करा.

आणि खिडक्या? डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मिरचीचं बी उगवायला फार दिवस घेतं. तेव्हा विटांच्या चौकटीत ट्रे ठेवून रात्री वर खिडकी तिरपी झाका, सकाळी ऊन चढताच काढा. जानेवारी संपला की, गारांच्या आधी, त्या घरात नेऊन ठेवा.