कोल्ड्रिंकमध्ये गुंगीचं औषध मिसळलं, पण 'पुढे काही झालं नाही'. तरी गुन्हा होतो का?

तुम्ही विचारलंय की काल रात्री पार्टीत कुणीतरी मैत्रिणीच्या ग्लासात काहीतरी मिसळलं, ती अर्ध्या तासात बेशुद्ध झाली, तुम्ही तिला सुखरूप घरी आणलं आणि आता घरचे म्हणतायत, "काही झालं नाही ना, मग सोडून द्या."

सोडू नका. मी फौजदारी वकिली करतो आणि हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम १२३ याच कृत्यासाठी आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत ३२८ होतं. इजा करण्याच्या किंवा दुसरा एखादा गुन्हा सोपा करण्याच्या हेतूने कुणाला विष, गुंगी वा नशा आणणारं औषध किंवा अपायकारक पदार्थ दिला, की गुन्हा घडला. चोरी, अत्याचार पुढे व्हायलाच हवा असं नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. रेल्वेत चहा-बिस्किटांतून गुंगी देऊन लुटणाऱ्यांवर हेच कलम लागतं. ग्लास ओठाला लागण्याआधीच कुणी पकडला गेला, तरी प्रयत्नाचा गुन्हा उरतोच.

अशा अवस्थेत अत्याचार झाला असता, तर "तिची संमती होती" हा बचाव टिकत नाही. गुंगीत दिलेली संमती कायदा संमती मानत नाही. बलात्काराला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

पण कलम कितीही कडक असलं तरी खटला उभा राहतो पुराव्यावर, आणि इथे पुरावा शरीरातून निघून जातो. जीएचबीसारखं (पेयात मिसळलं जाणारं गुंगीचं रसायन) द्रव्य लघवीत साधारण बारा तासांनी सापडेनासं होतं. झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातली काही औषधं मात्र काही दिवस सापडतात. म्हणून आधी सरकारी रुग्णालय गाठा, "पेयात काहीतरी मिसळल्याचा संशय आहे" हे स्पष्ट सांगा आणि केस एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून नोंदवायला लावा. रक्त आणि लघवी, दोन्हींचे नमुने सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेले पाहिजेत. उलटी झालेले कपडे धुऊ नका. ग्लास, बाटली मिळाली तर कागदी पिशवीत ठेवा. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज हॉटेलला आणि पोलिसांना आजच द्या.

ती स्वतः दारू प्यायली होती, परवाना नव्हता, या भीतीने अनेक मुली गप्प बसतात. तिने काय प्यायलं यामुळे औषध मिसळणाऱ्याचा गुन्हा कणभरही कमी होत नाही. "आमच्या हद्दीत येत नाही" असं सांगून ठाण्यातून परत पाठवलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३ चं नाव घ्या. हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवावीच लागते.

रात्र उलटून गेलीय, त्यामुळे आधी लघवीचा नमुना. फिर्याद त्यानंतर तासाभराने लिहिली तरी चालेल.